साखरेवरचं दव

सिरसाळा
दि. ४ जानेवारी २०२५

आदरणीय मुंजाजी सरांना,
अलमास शेखचा सलाम.

सर, ओळखलं का? दहावी ब, खिडकीजवळचा दुसरा बाक. विज्ञानाच्या चाचणीत तुम्ही मला छत्तीस मार्क दिले होते आणि बाजूला लिहिलं होतं, 'हेही दयेपोटी'. तीच मी.

आधी फोन केला होता. पहिल्यांदा तुम्ही "आज दूध नको" म्हणून ठेवला. दुसऱ्यांदा मी ओरडले, "सर, मी अलमास!" तर तुम्ही म्हणालात, "पास झाला का? अभिनंदन." मंग कुणीतरी सांगितलं की सरांना आता कमी ऐकू येतं. म्हणून पत्र लिहिते. दहावीच्या निबंधानंतर एवढं मोठं पहिल्यांदाच लिहिते, सांभाळून घ्या.

सर, मी केक करते. माझ्या भावाच्या, कलीमभाईच्या गॅरेजच्या मागच्या खोलीत. पुढं ट्रॅक्टर उघडलेले असतात, मागं माझा ओव्हन. केकवर मी साखरेची फुलं लावते. पिठीसाखरेत डिंक घालून गोळा मळायचा, पातळ लाटायचा आणि एकेक पाकळी वळायची. मागच्या महिन्यात एका बाईनं माझ्या गुलाबाचा वास घेतला आणि तिच्या नाकाला साखर लागली. एवढं जमतं मला.

आता अडचण सांगते. आमच्या गावातल्या विजयसिंहकाकांची दीपमाला माझ्याच वर्गात होती. तिचा साखरपुडा सोळा फेब्रुवारीला आहे. तिला केकवर असे गुलाब पाहिजेत की जणू पहाटे शेतातून तोडून आणले, वरचं दव तसंच. तिच्या आजीला परळीहून केक आणायचा होता. "गॅरेजातला केक? त्याला डिझेलचा वास यील," असं त्या म्हणाल्या. दीपमाला भांडली आणि काम मला दिलं.

आणि मला दव येत नाही.

पाण्याचे थेंब ठेवले तर पाकळीला भोकं पडली, किडीनं खाल्ल्यागत. फुलं फ्रीजमध्ये ठेवून बाहेर काढली तर वरून पाणी सुटलं, गुलाबी रंग ओघळला आणि फूल रडल्यासारखं दिसायला लागलं. लई वाईट वाटलं. भाई म्हणतो, "साखरपुड्यापर्यंत खोली तुझी. हे जमलं तर पुढं बघू, न्हाईतर तिथं टायर ठेवतो." त्याचंही बरोबर आहे, टायर बाहेर उन्हात तडकायलेत.

तुम्ही एकदा वर्गात अळूचं पान आणलं होतं आणि त्यावर थेंब पळवून दाखवला होता. थेंब गोल कावून होतो ते तुम्ही सांगितलं होतं. मी तेव्हा थेंबाकडं बघत बसले आणि कारण ऐकायचं राहिलं. आता सांगाल का?

तुमची विद्यार्थिनी,
अलमास


दिंद्रुड
दि. ९ जानेवारी २०२५

चि. अलमास हिस आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. शुद्धलेखनाच्या चुका सतरा. 'मंग' नव्हे, 'मग'. 'कावून' हा शब्द मला आवडतो, पण लेखी 'का' लिहावं. छत्तीस मार्क मला आठवतात. बत्तीस होत होते.

आता मुद्द्यावर. 'दवबिंदू' या शब्दाचे दोन अर्थ मी शिकवले होते. एक म्हणजे दवाचा थेंब. दुसरा म्हणजे ते तापमान, ज्याच्या खाली गेलं की हवेतल्या वाफेचं पाणी होतं. तू फूल फ्रीजमध्ये गार केलंस आणि गॅरेजच्या उबेत आणलंस. त्या फुलावर खरंखुरं दव पडलं, मुली! निसर्गानं तुझं काम फुकट करून दिलं आणि तुझं फूल मेलं. कारण साखर पाणी पिते. खरं दव हाच तुझा शत्रू. तुला खोटं दव हवं, जे ओलं दिसेल पण साखरेला भिजवणार नाही.

म्हणजे दोन गोष्टी. एक, पाकळीला अळूच्या पानासारखं कर. वरून तुपाचा किंवा खोबरेल तेलाचा इतका पुसट हात फिरव की दिसता कामा नये. पाणी आणि तेलाचं पटत नाही, मग थेंब अंग चोरून गोल बसतो. दोन, थेंब पाण्याचा नको, दाट पदार्थाचा हवा. कोणता, ते प्रयोगाअंती कळवतो.

मला कुणी काही विचारून पाच वर्षं झाली. त्यामुळे उत्तराला थोडा वेळ लागेल. यंत्र गंजलं आहे.

पत्र पोस्टातच ठेवायला सांग, मी रोज तिकडे चालायला जातो. घरी नको.

तुझा,
मुंजाजी सर


सिरसाळा
दि. १४ जानेवारी २०२५

आदरणीय सर,
संक्रांतीचा तिळगूळ घ्या आणि मला रागावू नका.

तुपाचा हात जमला. थेंब आता पसरत नाही, बसतो. पण थेंब कशाचा करायचा? मध लावून बघितला, तर गुलाबाला कावीळ झाल्यागत पिवळे डाग दिसले. पुण्याहून तयार जेल मागवला. सगळे थेंब एका मापाचे, एका रांगेत उभे, शाळेच्या प्रार्थनेसारखे. दीपमाला फोटो बघून म्हणाली, "अलमास, हे दव नाही. गुलाबाला घामोळं आलंय."

भाईला दया आली. त्यानं एक बाटली आणून दिली, "हे बघ, किती नितळ हाय!" ते ब्रेक ऑइल होतं. मी म्हणाले, पाहुणे केक खाणार आहेत. तो म्हणाला, "फुलं कोन खातं?"

सर, तुमचा प्रयोग कुठवर आला? आता महिनाच राहिला.

आणि पत्र घरी कावून नको? काही अडचण आहे का?

अलमास


दिंद्रुड
दि. २० जानेवारी २०२५

चि. अलमास,

चुका नऊ. प्रगती आहे.

घरी अडचण काही नाही. प्रयोगशाळेत गर्दी नसावी, एवढंच.

मी सलग सहा दिवस पहाटे शेजारच्या हरभऱ्यात जाऊन बसलो. बरोबर भिंग होतं. शेतमालकानं दोनदा विचारलं, "सर, काही हरवलं का?" माझी निरीक्षणं अशी. दव रांगेत बसत नाही. पाकळीच्या मधोमध ते कमी असतं, कडेला आणि दुमडीत जास्त. एका मोठ्या थेंबाच्या आसपास तीनचार बारके असतात. खालच्या बाजूला एखादा थेंब पडू का नको अशा बेतात लोंबतो. तुझ्या गुलाबावर असा एकच ठेव, पाहणाऱ्याचा हात आपोआप खाली येईल.

आणखी एक. थेंब हे भिंग असतं. त्याच्या खालची शीर जाड दिसते. म्हणून जिथं थेंब ठेवणार तिथं आधी बारीक कुंचल्यानं पाकळीची शीर थोडी जाड रंगव. लोकांना कारण कळणार नाही, पण डोळा फसेल.

आता थेंबाचा पदार्थ. प्रयोगाअंती असं सिद्ध झालं की साखरेचाच पाक करावा. एकतारीच्या पुढं आणि दोनतारीच्या अलीकडं उतरवावा. त्यात लिंबाचे चार थेंब पिळावेत, नाही तर तो रुसतो. आच मंद. गार झाल्यावर दात कोरायच्या काडीनं उचलावा, सोडावा, आणि परत हात लावू नये.

नमुना पाठवत आहे. बसच्या कंडक्टरकडून पत्र्याची डबी घे. आत झाकणावर पाच थेंब आहेत.

मुंजाजी सर


सिरसाळा
दि. २५ जानेवारी २०२५

आदरणीय सर,

सर! डबी उघडली आणि मी आधी झाकण तिरपं करून बघितलं, की पाणी सांडलं का काय. भाईनं बोट लावलं, चाटलं आणि लगेच दुसऱ्या थेंबाकडं बोट नेलं. मी झाकण ओढून घेतलं.

हे थेंब तुम्ही ठेवलेत? एवढ्या हलक्या हातानं? तुमच्या हाताला जादू आहे, सर. पाकळीवर थेंब असा अलगद ठेवायचा म्हणजे जीव मुठीत धरावा लागतो. आम्हाला वाटायचं तुमचा हात फक्त खडू फेकून मारायला चालतो.

मी आजच पाक करते. घाई झाली म्हणून हे पत्र पोस्टाऐवजी कंडक्टरच्या हाती देते आहे. तो तुमच्या गल्लीतच राहतो, घरी आणून देईल.

तुमची,
अलमास


दिंद्रुड
२९ जानेवारी

अलमास नावाच्या बाईला,

मी मास्तरांची बायको जानकीबाई लिवते. तुझं पत्र कंडक्टरनं माझ्या हातात दिलं. मास्तर दवाखान्यात हायेत. भ्यायचं कारन न्हाई, शुगर तीनशेच्या वर गेलती, आज उद्या सोडतेल.

तू म्हनशील शुगर कशानं वाढली. वीस रोज झाले ते मला इचारायलेत, पाक कधी गोळीबंद होतो, पाक दान्यावर कावून येतो. मी म्हनलं कशाला पायजे? तर म्हनले, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला. मी आपली येडी. रोज दुपारी पाक करून दिला. बिघडलेला पाक फेकून द्या म्हनलं, तर ते म्हनायचे देतो. मागच्या दारी बसून चाटायचे. काल पलंगाखाली सात वाट्या सापडल्या, साफ पुसलेल्या.

तुझं पत्र वाचलं तवा आधी माझ्या पायाखालची जमीन सरकली. 'पाकळीवर थेंब अलगद', 'हाताला जादू'. म्हनलं म्हाताऱ्याला साठी उलटल्यावर काय सुचलं! मंग सगळं वाचलं. पलंगाखाली तुझी बाकीची पत्रं आनि ह्यांच्या उत्तरांचे कच्चे कागदबी घावले, तेबी वाचले. आनि मंग खरा राग आला.

बाई, ते पाच थेंब माझे हायेत. एकतारीच्या पुढं, दोनतारीच्या अलीकडं, हे माझं बोलनं हाय. लिंबाचे चार थेंब, न्हाईतर रुसतो, हेबी माझं. ह्यांनी आजवर चहाबी केलेला न्हाई. शीर जाड रंगवायचं तेवढं ह्यांचं आसंल, ते मला ठावं न्हाई.

मी लिवत नसते कुनाला. सातवी शिकले. लग्न झाल्यावर माहेरून ह्यांना एक पत्र धाडलंतं. आले न्यायला तवा तेच पत्र खिशात, लाल शाईनं तपासलेलं. घरातल्या समद्यांम्होरं म्हनले, बावीस चुका. तवापसून पेन हातात धरला न्हाई. आज रागानं धरला.

आता ह्यांना पत्र धाडू नको. साखर तर आजाबात न्हाई.

जानकीबाई


सिरसाळा
दि. ५ फेब्रुवारी २०२५

आदरणीय काकूंना,
अलमासचा सलाम, आणि दोन्ही कान धरून माफी.

तुमचं पत्र चारदा वाचलं. अम्मीलाही वाचून दाखवलं. सात वाट्यांपाशी ती हसली आणि लाल शाईचं तिनं परत वाचायला लावलं. सरांना शुगर आहे हे मला खरंच माहीत नव्हतं. आता कशी आहे तब्येत? भाई सोमवारी तिकडं एक ट्रॅक्टर बघायला गेलता, त्यानं दवाखान्यात चौकशी केली. सर घरी गेले असं कळलं, तेव्हा जीव भांड्यात पडला.

काकू, थेंबांचं श्रेय मी चुकीच्या माणसाला दिलं. ती माझी चूक नाही, पण मला वाईट वाटलं. दहावीत माझं चित्र एकीनं स्वतःच्या नावानं लावलं होतं. मला माहितीय कसं वाटतं.

खरं तर सरांवर मला राग येत नाही. तुम्हाला येणार, तो बरोबर आहे. मी फक्त सांगते.

आता एक विचारू का? नको म्हणालात तर परत विचारणार नाही. मी पाक केला, तुम्ही सांगितला तसाच. पहिल्या दिवशी थेंब असे दिसले की मी नाचले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सगळे पांढरे! आत दाणे धरलेले. गुलाबावर दव नाही, खडीसाखर बसली होती. तीनदा केला, तीनदा तेच. बावीस गुलाब झालेत, त्यातले नऊ वाया गेले. साखरपुड्याला अकरा दिवस आहेत. दीपमालाला मी अजून सांगितलं नाही. ती रोज विचारते आणि मी रोज "मस्त चाललंय" म्हणते. भाईनं कालच मापं घेतली, खोलीत टायरचा किती थर बसेल ते.

माझं काय चुकतंय?

तुमची,
अलमास


दिंद्रुड
९ फेब्रुवारी

अलमास पोरी,

तू पाक ढवळतीस. ढवळायचा नसतो. साखर इरघळली की चमचा बाजूला. पातेल्याच्या कडेला दाने चिकटतेत, ते वल्ल्या फडक्यानं पुसायचे, न्हाईतर एक दाना आत पडला की समद्यांना बोलावून घेतो.

पर हे कागदावर सांगून जमत न्हाई. पाक बोटात कळतो. मी परवाच्याला येते, दुपारच्या गाडीनं. चार रोज ऱ्हाते. मास्तरांची नाष्ट्याची, जेवनाची सोय शेजारी लावली हाय. त्यांना सांगितलं, मी चालले. ते म्हनले, कुठं? मी म्हनलं, प्रदर्शनाला.

तुमच्या घरी काय खाता, काय न्हाई, त्याची काळजी करू नको. मी भाकरी माझी थापते, भाजी कुनाचीबी चालती.

जानकीबाई


दिंद्रुड
दि. १४ फेब्रुवारी २०२५

सौ. जानकीबाई यांस,
मार्फत कलीम शेख यांचं गॅरेज, सिरसाळा

पत्राला मायना काय लिहावा यात अर्धा तास गेला. बेचाळीस वर्षांत मी तुला पत्र लिहिलेलं नाही. लिहायची वेळच येऊ दिली नाही तू, त्या पहिल्या माहेरपणानंतर कधी चार दिवस कुठं गेलीच नाहीस. मी जाऊ दिलं नाही असंही म्हणता येईल.

माझी तब्येत बरी आहे. आज सकाळी एकशे साठ. गोळ्या वेळेवर घेतो. शेजारची भाजी तिखट आहे, पण तक्रार करण्याची माझी स्थिती नाही.

ती पत्रं तू वाचलीस, म्हणजे तुला सगळं कळलं आहे. तरी मला सांगायचं आहे. निवृत्त झाल्यापासून मला कुणी प्रश्न विचारला नव्हता. कान गेल्यावर तर लोक माझ्यासमोर बसून माझ्याविषयी तुलाच विचारतात, सर जेवले का, सर झोपले का. मग या मुलीचं पत्र आलं. थेंब गोल का होतो? मला वाटलं, मी परत वर्गात उभा आहे. पहिलं उत्तर मला येत होतं. दुसरं येत नव्हतं. ते स्वयंपाकघरात होतं, तुझ्याकडे. 'मला माहीत नाही, माझ्या बायकोला माहीत आहे,' एवढं एक वाक्य लिहायचं होतं. चारदा लिहिलं आणि चारदा खोडलं. शेवटी 'प्रयोगाअंती सिद्ध झालं' असं लिहिलं. मास्तर लोक असंच लिहितात.

वाट्यांबद्दल काही बोलत नाही. तुझा पाक बिघडलेलाही फेकवत नाही, हेच खरं कारण आहे.

आणखी एक. परवा तुझी ट्रंक उघडली. गोळ्यांची चिठ्ठी शोधत होतो. तळाशी ते जुनं पत्र सापडलं, लाल शाईचं. बावीस चुका मी बरोबर मोजल्या होत्या. तिसऱ्या ओळीत तू लिहिलं होतंस, 'तुमची लई आटवण येते'. मी 'आटवण' शब्दाखाली रेघ मारली आणि वर 'ठ' लिहिला. जानकी, मी तो शब्द तपासला होता, वाचला नव्हता. परवा वाचला. वाचायला बेचाळीस वर्षं लागली. असा विद्यार्थी मी पहिल्या चाचणीतच नापास केला असता.

मुलीला सांग, थेंब तिच्या काकूंचे आहेत. मी तिला वेगळं पत्र लिहून तसं कळवतो आहे. तू तिथं आहेस तोवर ते तिच्याकडून घेऊन वाच, म्हणजे मी लिहिलं याची खात्री पटेल.

हे पत्र कंडक्टरच्या हाती देतो.

तुझा,
मुंजाजी


सिरसाळा
१७ फेब्रुवारी

मास्तरांना,

पत्र शनवारी पोचलं. अलमासनं वाचून दावते म्हनलं, मी म्हनलं माझं मला वाचता येतं. गॅरेजात टायरवर बसून वाचलं. त्याबद्दल घरी आल्यावर बोलू, कागदावर मला ते जमायचं न्हाई.

आता इथलं सांगते.

पोरगी चांगली हाय, हात लई हलका. पाक तिला दुसऱ्या दिशी जमला. तिच्याजवळ केकचं एक दाट औषिद असतं, ग्लुकोज का काय, ते पाकात जरा घातलं तर थेंब तीन रोज काचेगत ऱ्हायले. मीबी शिकले एक. रातभर न्हाई, दिवसा बसून आमी दोघींनी थेंब ठेवले, वीस गुलाबांवर. शीर जाड रंगवायचं तुमचं सांगनं बरोबर निघालं. अलमासनं एक फूल तसं केलं आनि एक साधं, दोन्ही शेजारी ठेवले. कलीमनं लांबून बघून रंगवलेलंच उचललं. म्हनजे तुमचं एक झालं आनि माझं एक.

काल साखरपुडा. कार्यालयात सकाळी अकराचा मुहूर्त. केक तीन मजली, पांढरा, वर गुलाब उतरत आलेले. मुलीची आजी आली, चष्मा लावून बघितलं आनि पदरानं थेंब पुसायला निघाली. "कुनी पानी शिपडलं ह्याच्यावर? भिजंल ना!" अलमासनं हात जोडले तवा आजी थांबली. मंग बोट लावून बघितलं, चाटलं. आनि तिथंच खुर्ची वढून बसली राखणीला.

आनि मंग आक्रीत झालं. नवरानवरी येताना धुकं सोडायचं एक मशीन आसतं आजकाल. कार्यालयवाल्या पोरांनी ते नेमकं केकच्या टेबलाखाली ठेवलेलं. फुस्स करून समदं पांढरं झालं. लोकं टाळ्या वाजवायलेत आनि अलमासचं तोंड उतरलं. मला म्हनली, "काकू, हे खरं दव हाय! गार धूर, फुलं पानी पितेल!" मी हात लावला तर खरंच, खालच्या मजल्याची एक पाकळी चिकट लागायली.

बंद करा म्हनलं तर गाण्याच्या आवाजात कुनाला ऐकू यीना. तुमच्यासोबत ऱ्हाऊन मला वरडायची सवय हाय, ती कामाला आली. पदर खोचला आनि वरडले, "ए कलीम! टेबल उचल! बाहेर उन्हात!" कलीमनं, तिघा पाव्हण्यांनी टेबल उचललं, आजी पुढं पुढं वाट काढायली, "सरका, सरका, केक आला!" नवरानवरी धुक्यातनं बाहेर आले तर म्होरं केकच न्हाई. दीपमाला म्हनली, "कुठं गेला?" कुनीतरी दाराकडं बोट दावलं. मंग समदा साखरपुडा आमच्या मागं अंगनात, कडूलिंबाच्या झाडाजवळ.

मास्तर, तुमी आसायला पायजे व्हते. आत ट्यूबलाइटीत थेंब नुसते थेंब व्हते. बाहेर ऊन पडलं आनि एकेक थेंब पेटला. खालच्या पाकळीवर तो लोंबता थेंब ठेवलता ना एक, तिथं दीपमालाचा हात गेला खाली, धरायला. मंग ती हसली आनि अलमासला मिठी मारली, मेंदीचा हात तसाच. अलमास रडायली. आजी म्हनली, "रडू नको बाई, फुलं भिजतील."

केक कापायला कुनी तयार हुईना. शेवटी आजीनंच सुरी घेतली.

मंग बायका गोळा झाल्या. कुनी केलं, कसं केलं? अलमासनं मला म्होरं ढकललं. म्हनली, "फुलं माझी, दव ह्यांचं." एक बाई फोनवर लिहून घ्यायली, माजलगावची, पोरीचं लगीन हाय तिच्या. मला म्हनली, "तुमचं नाव काय?"

मी उगं उभी. दिंद्रुडात मला नाव कुनी इचारत न्हाई. मास्तरीनबाई म्हनतेत. दुकानदार तसंच म्हनतो, दवाखान्यात तसंच लिवतेत. त्या बाईला वाटलं मला ऐकू आलं न्हाई, म्हनून तिनं परत इचारलं, मोठ्यानं. मी सांगितलं, "जानकीबाई." तिनं लिहून घेतलं. इचारलं, फोन नंबर? मला पाठ नव्हता. अलमासनं तिचा दिला.

आज सकाळी उठून बघते तर कलीम खोलीच्या दारातले टायर पाठीवर घेऊन पत्र्याखाली नेऊन ठेवायला. कुनी सांगितलं नव्हतं त्याला. मी चहा दिला तर म्हनला, "काकू, तुमाला बसायला खुर्ची लागंल का चौरंग?" मी म्हनलं, चौरंग.

तवा ऐका. माजलगावच्या बाईला परवा नमुना दावायचा हाय, म्हनून मी बुधवारच्या गाडीनं येते. पुढल्या महिन्यात आठ रोज परत यावं लागंल. मी तुमाला इचारत न्हाई, सांगते. पर तुमी नको म्हननार न्हाई आसं मला वाटतं.

रातीच्या गोळ्या दोन हायेत, एक न्हाई. आनि बुधवारी भाजीला शेपू आनून ठेवा, निवडून.

जानकीबाई